मुरमांची मोजदाद

मत्सर हा माझा स्वभाव नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या बायकोला बेचाळिसाव्या वर्षी मुरमं आली आणि त्यापायी मला सत्तेचाळिसाव्या वर्षी मत्सर झाला, एवढंच. खरं तर दोन्ही गोष्टी आपापल्या वयात होऊन जायला हव्या होत्या. तिच्या दुखण्यावर गोळ्या मिळाल्या. माझ्यावर कोणी काही लिहून दिलं नाही.

मुरमांना पुस्तकात तारुण्यपीटिका म्हणतात. ज्यानं हा शब्द काढला त्यानं आमच्या हिची हनुवटी पाहिली नव्हती. तरुण पोरांची येतात ती कपाळावर, गालावर, आणि परीक्षा संपली की जातात. हिची जबड्याच्या कडेनं, हनुवटीच्या खाली, मानेपर्यंत. आतून ठणकणारी, आठ-आठ दिवस न पिकणारी. एक बसलं की शेजारी दुसरं हजर.

त्यात हिचं काम असं की चेहरा लपवायची सोय नाही. ही एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकणारा शेजारच्या सीटवर बसतो आणि त्याला समोर रस्त्याकडे बघ म्हणून कितीही सांगितलं तरी तो घाबरून हिच्याकडेच बघतो. म्हणजे रोज सात-आठ माणसं हिचा जबडा हातभर अंतरावरून तासभर न्याहाळणार. त्या माणसांचा मला कधी मत्सर वाटला नाही. ती इतकी घामाघूम असतात की त्यांच्याबद्दल दयाच येते.

माझं काम सांगतो. मी टाइल्सच्या कारखान्यात माल तपासतो. पट्ट्यावरून टाइल पुढे सरकत येते, बाजूनं तिरका दिवा असतो, त्या उजेडात खड्डा असेल तर त्याची सावली पडते. डाग, फुगा, केसाएवढी चीर, कड तुटलेली, सगळं दिसतं. निर्दोष असेल तर मेणाच्या पेन्सिलीनं एक रेघ, किरकोळ दोष असेल तर दोन, म्हणजे तो सेकंडचा, स्वस्तात विकायचा माल, बाद असेल तर फुली. एकवीस वर्षं हेच करतो आहे. टाचणीच्या डोक्याएवढा डाग माझ्या नजरेतून सुटत नाही, असं मालक पाहुण्यांना सांगतो, आणि पगारवाढीच्या वेळी विसरतो.

आता ते वाक्य सांगून टाकतो, कारण ते लपवलं तर पुढचं काही कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी आम्ही साडूकडे जेवायला गेलो होतो. मेहुणीनं हिच्या हनुवटीकडे बघून काळजीनं काहीतरी विचारलं, आणि मी, तोंडात घास असताना, म्हणालो की आमच्याकडे असा माल सेकंडला जातो. साडू हसला. मेहुणी हसली. हीसुद्धा हसली, पण हनुवटीवर हात ठेवून. तो हात पुढे दोन वर्षं तिथेच राहिला. त्या दिवसापासून ही जेवताना खिडकीकडे पाठ करून बसायला लागली. झोपायच्या खोलीत यायच्या आधी दिवा बंद करायला लागली. घरात माझ्याशी बोलायची ती भाजी चिरता चिरता, खाली मान घालून. मी माफी मागितली का? नाही. विनोदाची माफी मागायची म्हणजे तो विनोद नव्हता हे कबूल करावं लागतं, आणि मला वाटायचं की विसरेल.

ती विसरली नाही, पण मुरमांच्या मागे मात्र लागली. सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या आईचं म्हणणं, पोट साफ नाही. आईच्या मते जगातली सगळी दुखणी पोटातून निघतात, तिचा स्वतःचा मोतीबिंदूसुद्धा. समोरच्या काकू म्हणाल्या, काळजी करू नकोस, लग्न झालं की जातात. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि काकू त्या लग्नात दोनदा जेवल्या होत्या. खालच्या मजल्यावरचा पेन्शनर म्हणाला, टूथपेस्ट लावा. मग मध झाला, लिंबू झालं, बटाट्याची सालं झाली. महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात सोललेले बटाटे उघडे पडलेले असायचे आणि सालं हिच्या तोंडावर. शेवटी हिच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या एका नर्सनं क्लच सोडता सोडता सांगितलं की बाई, हे हार्मोनचं आहे, याला डॉक्टर लागतो.

पहिल्या वेळी मी बरोबर गेलो. जायला नको होतं.

डॉक्टर चाळिशीचा. मी त्याला मनातल्या मनात एकेरीच म्हणतो, तोंडावर डॉक्टरसाहेब. माणसाच्या चेहऱ्यावर एक डाग नाही. मी धंद्याच्या नजरेनं पाहिलं, तिरक्या उजेडातसुद्धा पाहिलं, सरळ एक रेघ मारून पुढे पाठवावा असा माल. आवाज हळू, बोटं लांब. त्यानं हिला उंच खुर्चीवर बसवलं, गोल दिव्याचं भिंग पुढे ओढलं, आणि हिच्या चेहऱ्याकडे बघायला लागला. अकरा मिनिटं. भिंतीवर घड्याळ होतं म्हणून सांगतो. या अकरा मिनिटांत तो माझ्याशी एकदाच बोलला, ते म्हणजे, जरा खिडकी लावता का.

मग तो हिला म्हणाला, "हे वयाचं आणि हार्मोनचं आहे. यात तुमची काहीही चूक नाही."

हिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं साधं वाक्य, पण ते दोन वर्षांत आमच्या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. पुढे भिंगातून बघता बघता तो हळू आवाजात काहीतरी म्हणाला आणि ही हसली. मोठ्यानं, तोंड उघडून, हनुवटीवर हात न ठेवता. मी स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. ते हसू ऐकलं आणि सगळी दुखणी पोटातून निघतात हे आईचं शास्त्र मला पहिल्यांदा पटलं.

उपचार असा ठरला. रोज एक गोळी, जी मुळात रक्तदाबाची, अंगातलं जादा पाणी उतरवणारी, पण बायकांमध्ये या मुरमांना आवरते. रात्री वाटाण्याएवढं मलम. आधी रक्त तपासायचं, कारण या गोळीनं अंगातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून केळी बेतानं. फरक दिसायला तीन महिने. सुरुवातीला उलट वाढतील, घाबरायचं नाही. आणि दर रविवारी, दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बसून ताजी लाल मुरमं मोजायची आणि छापील तक्त्यात आकडा लिहायचा.

ही म्हणाली, मी आरशात बघून मोजीन. डॉक्टर म्हणाला, स्वतःची कोणी खरी मोजत नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी मोजायला हवीत. मग प्रथमच माझ्याकडे नीट बघून त्यानं विचारलं की मी काय करतो. मी सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, मग तर प्रश्नच मिटला. हिनं पर्सची चेन उघडली आणि बंद केली.

औषध मिळवणं हे वेगळंच प्रकरण झालं. औषधवाल्यानं चिठ्ठी बघून विचारलं, रक्तदाब कोणाला आहे? मी म्हणालो, कोणालाच नाही, मुरमांसाठी आहे. मी हळू म्हणालो होतो, पण त्यानं आतल्या माणसाला ओरडून विचारलं, "मुरमांना ही देतात का रे?" आणि रांगेतली सगळी माणसं माझ्या चेहऱ्यावर मुरमं शोधू लागली. एक सापडलं बहुतेक, कारण एक बाई समजल्यासारखी मान हलवून गेली. मग त्यानं चिठ्ठी परत दिली, शिक्का पुसट आहे म्हणून. शिक्का मारून आणला तर म्हणाला, आता तारीख शिक्क्याखाली गेली.

रक्ताच्या प्रयोगशाळेत तर कमाल झाली. तिथल्या फॉर्मवर आजाराच्या रकान्यात मी 'मुरमे' लिहिलं. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पोटॅशियमच्या तपासणीला मुरमे चालत नाहीत. त्यांच्याकडे यादी होती, त्यात तीनच पर्याय. हृदय, मूत्रपिंड, इतर. 'इतर'ला डॉक्टरांचं वेगळं पत्र लागतं आणि पत्रावर शिक्का लागतो. शिक्का हा शब्द ऐकला आणि मी बाईंच्या हातातून पेन घेऊन 'हृदय'वर खूण केली. त्याच वेळी मागच्या बाकावर आमचा पेन्शनर साखर तपासायला बसलेला होता, हे मला संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी समोरच्या काकू दारात. मागून पेन्शनर, मागून त्याची बायको. तिघंही पाय न वाजवता आत आली आणि हिच्यासमोर बसली. काकूंनी हिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अगं, मनाला लावून घेत जाऊ नकोस, शेवटी ते हृदयावर येतं." पेन्शनरनं मला गॅलरीत नेऊन सांगितलं की त्याच्या भाच्याचं असंच झालं होतं, पण भाचा आता मजेत आहे, फक्त जिना चढत नाही. मी खुलासा करणार होतो. पण ही आतून अशा नजरेनं बघत होती की मुरमं म्हणण्यापेक्षा हृदय बरं. तेव्हापासून आमच्या जिन्यात हिला कोणी पिशवी उचलू देत नाही. पिशव्या मी उचलतो. आईनं केळ्यांचं ऐकलं आणि घरातून केळी हद्दपार केली. मला वीस वर्षं सकाळी केळं खायची सवय आहे. माझ्या पोटॅशियमची चौकशी आजतागायत कोणी केलेली नाही.

पहिला रविवार आला. मी खिडकीजवळ दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. ही येऊन बसली आणि बसताक्षणी डोळे मिटून घेतले. मी माझ्या पद्धतीनं चेहऱ्याचे मनातल्या मनात चार भाग केले आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. दोन वर्षांनी मी हा चेहरा उजेडात बघत होतो. उजव्या भुवईतून एक बारीक खूण जाते. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची ही खूण, हे मला ठाऊक होतं, पण विसरलो होतो. कानाजवळ सहा पांढरे केस होते, ते नवे. हे काही तक्त्यात लिहायचं नव्हतं. मी 'तेवीस' म्हणालो. तिनं डोळे न उघडता विचारलं, तीळ धरलास का? दोन धरले होते. एकवीस केले.

चौथ्या रविवारी आकडा एकतीसवर गेला. मी घाबरलो. ही मात्र शांत, कारण डॉक्टर म्हणाले होते की वाढतील. आता हे 'डॉक्टर म्हणाले' आमच्या घरात नवीन होतं. डॉक्टर म्हणाले उशीचा अभ्रा बदलत जा. डॉक्टर म्हणाले उठताना एकदम उठू नका, चक्कर येईल. एकदा मी म्हणालो की आज उकडतंय, तर ही म्हणाली, हो, डॉक्टरही म्हणत होते. म्हणजे हे लोक हवेविषयीही बोलत होते. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी ही त्याच्याकडे जायची, आणि जाताना केस धुतलेले असायचे. चेहरा दाखवायला जाताना केस कशाला धुवायचे, हा प्रश्न मी कोणाला विचारू शकत नव्हतो. मी जळत होतो, सरळ शब्दांत सांगायचं तर. पट्ट्यावरून चांगल्या टाइल्स यायच्या आणि मी त्यांच्यावर दोन-दोन रेघा मारायचो.

मग मी एक गोष्ट केली ती कारखान्यात कोणालाही माहीत नाही. पाठीवर माझा एक तीळ आहे, तो घेऊन मी त्याच डॉक्टरकडे गेलो. वेगळा नंबर लावला, वेगळी वेळ घेतली. म्हटलं, बघू तरी, हा माणूस सगळ्यांकडेच अकरा मिनिटं बघतो का. मी शर्ट काढून उंच खुर्चीवर बसलो. त्यानं भिंग ओढलंसुद्धा नाही. म्हणाला, "काही नाही हे. तक्ता कसा चाललाय?" दीड मिनिट, शर्टाची बटणं धरून.

नवव्या आठवड्यापासून आकडा उतरायला लागला. अठरा, चौदा, अकरा. गळ्यावरची मुरमं झाकायला ही स्कार्फ बांधायची, तो गेला. एक दिवस ही संध्याकाळी घरी आली आणि म्हणाली की स्कूलचा मालक नव्या गाडीच्या मागे तिचा मोठा फोटो लावायचा म्हणतोय, 'बायकांकडून शिका' असं काहीतरी. दोन वर्षं ती या फोटोला नाही म्हणत आली होती. या वेळी हो म्हणाली होती, दोन महिन्यांनंतरची तारीखसुद्धा ठरली होती. आईला सांगताना तिचा आवाज चढला होता. मला मात्र तिनं हे आईला सांगितल्यानंतर सांगितलं, आणि डॉक्टरला बहुधा माझ्याही आधी.

त्या तक्त्याच्या तळाशी एक ओळ छापलेली होती. आकडा सलग तीन आठवडे पाचच्या आत राहिला तर तक्त्याचा फोटो दवाखान्यातल्या टेबलावरच्या बाईंना पाठवायचा, मग गोळी अर्धी होते आणि पुढची भेट सहा महिन्यांनी. ही ओळ मी दर रविवारी वाचत होतो. अकरा लिहिल्यानंतरच्या रविवारी मी नीट मोजलं, दहा होती. आणि मी लिहिलं, चार.

हिनं तक्ता बघितला. मग उठून आरशासमोर गेली, बराच वेळ उभी राहिली. परत येऊन म्हणाली, "मला जास्त दिसतात रे. पण तू मोजलीस म्हणजे बरोबर असणार. मलाच सवय झालीय वाईट बघायची."

तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. पुढच्या रविवारी तीन लिहिलं, त्याच्या पुढच्या रविवारी परत तीन. बाईंना फोटो गेला, बाईंचं उत्तर आलं, अभिनंदन, अर्धी गोळी, सहा महिन्यांनी या. ही अभिनंदन वाचून खूश झाली, आणि सहा महिने वाचून जराशी गप्प. मी ते गप्प होणं बरोबर टिपलं आणि त्या आनंदात बाजारातून चोरून दोन केळी आणून जिन्यात उभं राहून खाल्ली.

तीन आठवड्यांत सगळं परत आलं. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग गळ्यावर, पहिल्यापेक्षा जोरात. फोटोला बारा दिवस उरले होते. रविवारी ही खिडकीत येऊन बसली, मी मोजली, सव्वीस. या वेळी खरा आकडा लिहिला. तिनं तक्ता घेतला, घडी घातली, आणखी एक घडी घातली. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. ती म्हणाली की मला ही गोळी लागू पडत नाही, तीन होऊन पुन्हा सव्वीस होतात म्हणजे माझ्या अंगातच दोष आहे, डॉक्टर तरी काय करणार. उद्या स्कूलमध्ये फोटोला नाही म्हणून सांगते आणि गोळ्या बंद करते. मग उठून दुपारच्या तासाला गेली. स्कार्फ बांधून गेली.

माझ्या अंगातला दोष तिनं तिच्या अंगावर घेतला होता. मी चांगल्या टाइलवर दोन रेघा मारल्या तर कारखान्याचं नुकसान होतं, टाइलला काही वाटत नाही. तक्ता हातात घेऊन मी तसाच बसून राहिलो, आई दोनदा जेवायला हाक मारून गेली.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून मी दवाखान्यात गेलो. कॉलेजच्या पोरापोरींमध्ये दीड तास बसलो. आत गेल्यावर शर्टाला हात घातला नाही, सरळ सांगितलं की तीन आकडे खोटे लिहिले. डॉक्टरनं कारण विचारलं. मी म्हणालो, मला तुमचा हेवा वाटतो. आयुष्यात एवढं लाजिरवाणं वाक्य मी दुसऱ्या पुरुषाला कधी बोललो नव्हतो.

तो काही वेळ टेबलावरचं भिंग पुसत बसला. मग म्हणाला, "त्या दर रविवारी तुमच्यासमोर खिडकीत बसतात?"

मी म्हणालो, हो.

"डोळे मिटून?"

"हो."

"माझी बायको नाही बसत," तो म्हणाला. "लग्नाला बारा वर्षं झाली. मी जरा निरखून बघितलं की तोंड फिरवते. म्हणते, तू तपासायला लागतोस." आणि नवीन चिठ्ठीवर त्यानं पूर्ण गोळी लिहिली, शिक्का ठळक मारला, तारीख शिक्क्याबाहेर घातली. म्हणाला, मी त्यांना काही सांगणार नाही, ते तुमचं काम आहे, पण आजच करा.

मी ड्रायव्हिंग स्कूलवर गेलो. हिचा शेवटचा तास संपला होता. मी शिकणाऱ्याच्या सीटवर बसलो, कारण दुसरी जागा नव्हती, आणि स्टिअरिंग धरून सगळं सांगितलं. चार म्हणजे दहा होती, तीन म्हणजे नऊ, आणि दुसरे तीन म्हणजेही नऊच. ती ऐकत होती. गाडी उभीच होती तरी तिनं तिच्या बाजूचा ब्रेक दाबून धरला होता.

"का?" तिनं विचारलं.

"तू त्याच्यासमोर हसलीस. माझ्यासमोर दोन वर्षं हसली नाहीस."

"दोन वर्षं मी तुझ्यासमोर दिवा लावू शकले नाही," ती म्हणाली. "आणि तू डॉक्टरवर रागावलास?"

मग मी साडूकडच्या त्या वाक्याची माफी मागितली. विनोद होता असं म्हणालो नाही. वाईट होतं, असं म्हणालो. तिनं ब्रेकवरचा पाय काढला, चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, आणि माझ्या बाजूचं दार उघडायला सांगितलं. घरी मी बसनं आलो.

मला मोजणीवरून काढून टाकण्यात आलं. ते काम आईकडे गेलं. पुढच्या रविवारी खिडकीत आई आणि ही, आणि मी दाराबाहेर. आईला मोतीबिंदूमुळे मुरूम दिसत नाही, पण अधिकार मिळाल्यावर ती मागे हटणारी बाई नाही. ती बोटांनी चाचपून मोजायची, मध्येच हिच्या डोक्यात तेल कमी आहे म्हणायची, दोघी खिदळायच्या. मी एकवीस वर्षांचा अनुभवी तपासनीस, बाहेर उभं राहून स्वतःच्या आईवर जळत होतो. आईच्या आकड्याची दुरुस्ती ही नंतर आरशात बघून करायची, आणि तक्त्यात स्वतःच लिहायची. माझ्याशी ती मोजकंच बोलायची. दूध आलं का, चावी ठेव, एवढं.

फोटोला मात्र ती गेली. मालकानं तारीख पुढे ढकलली नाही आणि हिनंही नाही म्हटलं नाही. पूर्ण गोळी सुरू होऊन दहाच दिवस झाले होते, चेहरा काही निवळलेला नव्हता. फोटोग्राफर म्हणाला, काळजी करू नका, कॉम्प्युटरवर सगळं काढून टाकतो. आठवड्यानं ही मोठा कागद गुंडाळून घेऊन आली आणि टेबलावर पसरला. आई म्हणाली, वा. समोरच्या काकू म्हणाल्या, हृदयाचं दुखणं असून काय तेज आहे. चेहऱ्यावर खरंच एक डाग नव्हता, पंचवीस वर्षांची कोणी पोरगी गाडीच्या खिडकीतून हसत होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी बघत राहिलो. मला ती बाई ओळखू येईना.

"भुवईवरची खूण कुठे गेली?" मी विचारलं. "आणि कानाजवळचे पांढरे केस?"

हिनं कागदावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. कागद गुंडाळला आणि कपाटावर ठेवला.

आता ती गाडी गावभर फिरते. सिग्नलला तिच्यामागे थांबलेला प्रत्येक माणूस त्या फोटोकडे टक लावून बघतो, आणि मी बसमधून त्या माणसांकडे. त्यांची यादी करायची म्हटलं तर वही पुरणार नाही.

फोटोनंतर दोन महिन्यांनी एका रविवारी आई काकूंकडे गेली होती. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे एकच ओळ परत परत वाचत होतो. आतून हिनं हाक मारली. मी गेलो तर खिडकीजवळ दोन खुर्च्या समोरासमोर होत्या आणि ती एका खुर्चीत बसली होती. डोळे उघडे होते. मी घाईघाईनं तक्ता आणि पेन्सिल शोधायला लागलो.

"पेन्सिल राहू दे," ती म्हणाली. "आज मोजायचं नाही. नुसतं बघ."

मी समोर बसलो आणि बघितलं. ती पण माझ्याकडे बघत होती, त्यामुळे कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात करावी ते कळेना. बाहेर कोणाच्या तरी गाडीचा गिअर कर्र वाजला, तरी तिनं मान वळवली नाही.

"किती?" बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

"मोजली नाहीत."

"खरं सांग."

"सहा," मी म्हणालो.

"सात आहेत. एक कानामागे आहे, ते तिथून नाही दिसायचं तुला," ती म्हणाली. "जवळ ये."

मी खुर्ची पुढे ओढली.